संमोहनात घेतलेलं बयान

इतकी वर्षं झाली, पण ती केस आठवली की अजून माझी कानशिलं तापतात. निजामाच्या अमलात मी जिंतूर तालुक्यातल्या एका ठाण्यावर अमीन, म्हणजे फौजदार होतो.

बोरीकडच्या एका शेतकऱ्याची चार वर्षांची मुलगी विहिरीत पडून गेली. गावच्या पाटलानं खबर दिली, "बापानंच ढकललं. सकाळीच नवरा-बायकोचं लय भांडण झालतं." पंचनामा करून मी बापाला हवालातीत टाकलं. शेतात त्या वेळी तिसरी फक्त त्याची बायको होती, आणि त्या दिवसापासून तिची वाचाच बसली होती. तो मला रोज एकच विचारी, "सायेब, ती बोलायली का?" मला वाटलं, तिच्या बयानाला भितोय लेकाचा!

परभणीतले एक डॉक्टर संमोहनानं असे आजार बरे करत. लोक म्हणत, भूल घालतो. मी खूश झालो. भूल पडली की खरं आपोआप बाहेर येईल, असा माझा हिशेब. तिला घेऊन त्यांच्याकडं गेलो, तेव्हा डॉक्टरांनी आधीच बजावलं, "अमीनसाहेब, हा इलाज आहे, तपास नव्हे. मध्ये बोलायचं नाही."

हळू बोलत बोलत त्यांनी तिला शांत केलं. डोळे मिटले, खांदे सैल पडले. मला कुठला धीर! विचारलंच, "नवऱ्यानंच ढकललं ना?"

तिनं मान डोलावली. मी कागद पुढं ओढला.

डॉक्टरांनी तितक्याच हळू विचारलं, "अमीनसाहेबांनीच ढकललं ना?"

तिनं तशीच मान डोलावली.

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. बाहेर आल्यावर डॉक्टर म्हणाले, "अशा वेळी आपण मनात टाकू ते माणसाला खरं वाटतं. म्हणून मी फक्त धीर टाकतो."

तीन आठवडे ते तिला एवढंच सांगत, की गळ्यावरचं ओझं उतरतंय. मी बाहेर ओट्यावर गप बसे. एका दुपारी, पुरत्या जागेपणी, ती बोलली, "म्याच हाक मारली वो, जेवाया ये म्हनून. माज्याकडं पळत आली अन् काठावर पाय घसरला. हे तर पार बांधावर हुते."

शेजारच्या शेतातल्या गड्यानंही तेच सांगितलं. त्याला मी आधी विचारलंच नव्हतं. उत्तर ठरवून प्रश्न विचारायची खोड मी त्या दिवशी सोडली.

हवालातीचं कुलूप काढलं, तेव्हा ती दारातच रडत म्हणाली, "माज्या हाकेनं गेली वो लेक."

तो म्हणाला, "येडे, हाक न मारता बी ती तुज्याकडंच आली असती."