फाईलमध्ये नसलेला भाऊ

भूत, करणी, बाहेरचं — असलं मी कधी मानलं नाही. आजही मानत नाही. पण ‘मशिनीत जुनी फाईल अडकली असेल’ हे मला शिकवायला येऊ नका. आयुष्य याच धंद्यात गेलंय माझं.

कोल्हापुरात शाहूपुरीत माझं डिजिटल बोर्ड, म्हणजे फ्लेक्स छापायचं दुकान आहे. प्रत्येक गिऱ्हाईकाचं वेगळं फोल्डर, जुनं काम वेगळ्या हार्ड डिस्कवर — ही शिस्त. आमचे डिझायनर सलीमभाई ती माझ्याहून कडक पाळतात.

गेल्या उन्हाळ्यात हुपरीचे एक चांदीवाले आले. दोघा भावांचं दुकान, बोर्डावर दोघांचे फोटो. थोरला नुकताच वारलेला. धाकटा म्हणाला, “दादाचा फोटो, नाव, सगळं काढा. दुकान आता माझ्या एकट्याचं हाय.”

“आणि वहिनींचा वाटा?” माझ्या तोंडून गेलंच.

“तुमी बोर्ड छापा की!”

सलीमभाईंनी थोरल्याला काढून फाईल नव्या नावानं सेव्ह केली. स्क्रीनवर एकच माणूस. मशिनीतून फ्लेक्स बाहेर आला… दोघं! मी सलीमभाईंवर ओरडले.

“ताई, अल्लाची शपथ, काढला हुता मी!”

मग मी स्वतः बसले. कॉम्प्युटर, मशीन बंद करून चालू केलं. कोऱ्या पानावर सगळं नव्यानं मांडलं, त्यात थोरल्याचा फोटो घेतलाच नाही. छापलं… पुन्हा दोघं. या वेळी थोरला मधोमध, धाकटा कडेला. असं डिझाईन आम्ही कधी केलंच नव्हतं. हार्ड डिस्कवरची त्यांची एकूणएक फाईल उघडून बघितली मी!

धाकटा भडकला. “वहिनीनं फितवलंय तुमास्नी!”

माझं डोकंच फिरलं. “सख्ख्या भावाला पुसायला निघालाय, लाज वाटत न्हाय? उठा, चालते व्हा!”

नव्या फाईलचा पेनड्राईव्ह टेबलावरनं हिसकावून तो गेला. संध्याकाळी इचलकरंजीच्या एका ओळखीच्या बोर्डवाल्याचा फोन. “ताई, तुमची फाईल आलीया हुपरीच्या पावण्यांकडनं. स्क्रीनवर एक दिसतोय, छापल्यावर दोन येत्यात. त्यो दुसरा काढायचा कसा?”

मी फोन ठेवून दिला.

बोर्ड काही झाला नाही. पण वहिनीला त्यानं अजून दुकानात पाय ठेवू दिलेला नाही, असं ऐकते. थोरला छपाईत आला कसा, याचं उत्तर ना माझ्याकडे, ना सलीमभाईंकडे. मला मात्र अजून राग येतो… त्या थोरल्याचासुद्धा. यायचंच होतं तर भावाच्या समोर जाऊन उभं राहायचं होतं की — फ्लेक्सवर काय येतो!