चांदणीचा रकाना

मार्गशीर्ष महिना, मंगळवार, सकाळचे अकरा. ठाण्यात हजर: मी, प्रभारी अधिकारी, माझे रायटर म्हणजे लेखनिक हवालदार, ठाणे अंमलदाराच्या टेबलावर एक महिला हवालदार, दारात गावचे पोलीस पाटील, आणि बाकावर, उजवा हात स्वतःच्याच शर्टात गुंडाळून बसलेला सोलापूरचा एक लग्नाचा फोटोग्राफर. स्टेशन डायरीत त्या दिवसाची नोंद चार ओळींची आहे. मला मात्र त्या शर्टाचा रंगसुद्धा अजून सांगता येतो.

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्या मानाने हे प्रकरण किरकोळ. तरी निवृत्तीनंतर कोणी विचारले की आधी हेच आठवते.

जिल्ह्याच्या उत्तरेकडे उसाच्या पट्ट्यात माझे ठाणे होते. नाव देत नाही. त्या मंगळवारच्या आधी तीन आठवडे वस्त्यांवरून रोज फोन येत होते: दिवस मावळला की आकाशात दिवा दिसतो, तासतासभर हलत नाही, ड्रोन आहे. त्याच पंधरवड्यात दोन वस्त्यांवर घरफोड्या झाल्या. दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या की लोक त्यांना एका दोरीत बांधतात. चोर संध्याकाळी ड्रोनने घरे हेरतात आणि नंतर येतात, असे ठरून गेले. काठ्या घेऊन तरुणांची गस्त सुरू झाली. एका शिकलेल्या गृहस्थाने तर परग्रहावरचे यान असल्याचे फोनवर सांगितले. मी हसलो. त्या हसण्यामुळे मी स्वतःला मोठा चिकित्सक समजत होतो.

मला याद्या करायची सवय आहे. मी एक तक्ता छापून घेतला. पहिला प्रश्न: ड्रोन पाहिला काय, होय की नाही? 'होय' असेल तर पुढे तारीख, वेळ, दिशा, दिव्याचा रंग, आवाज. 'नाही' असेल तर सही घेऊन पुढचा माणूस. हवालदार वस्तीवस्तीवर फिरले आणि पन्नासच्या वर 'होय' घेऊन आले. जिल्ह्याच्या आढावा बैठकीत वरिष्ठांनी तक्त्याचे कौतुक केले, दोन ठाण्यांनी प्रती मागून नेल्या. कागद नीटनेटका दिसला की आम्हा पोलिसांना तपास पुढे गेल्यासारखे वाटते.

मंगळवारी सकाळी पोलीस पाटलांचा फोन आला. "साहेब, ड्रोनवाला घावला! लग्नाच्या मांडवात. लवकर या, पोरं लई तापल्याती."

आम्ही पोहोचेपर्यंत व्हायचे ते झाले होते. पिशवीत ड्रोन दिसला एवढ्यावर लोकांनी फोटोग्राफरला मांडवाबाहेर ओढून दांडक्यांनी मारले होते. गर्दीतून काढून त्याला ठाण्यात आणले.

"काय पायलट, किती घरं टिपली?" हवालदारांनी सुरुवात केली.

"साहेब, मी लग्नाचं शूटिंग करतो. बाराचा मुहूर्त होता. मांडव वरून घ्यायचा म्हणून ड्रोन आणला."

"परवानगी?" मी विचारले.

"नवरदेवाचे मामा म्हणाले, काढलीय."

मामांनी काढली नव्हती. तो मुद्दा माझ्या बाजूने पडला आणि मला जोर आला.

"गेले तीन आठवडे कुठं होतास?"

"सोलापुरात. नवी पेठेच्या मागं दुकान आहे माझं. आज सकाळी रेल्वेनं जेऊरला उतरलो, तिथून मंडळींनी गाडीनं आणलं." मग तो म्हणाला, "साहेब, माझ्या ड्रोनची बॅटरी पंचवीस मिनिटं चालते. तुमचे लोक म्हणतात, दोन-दोन तास दिवा होता."

"बॅटऱ्या बदलता येतात," मी म्हणालो. हवालदार हसले.

"बदलायला खाली उतरवावा लागतो. कुणी उतरताना पाहिला का? विचारा की त्यांना."

हा प्रश्न मला सुचायला हवा होता. पण तक्त्यात तो नव्हता आणि तक्ता माझा होता. मी जबाब पुरा करून घेतला. त्याला दवाखान्यात पाठवले तेव्हा दुपारचे चार वाजून गेले होते. आधी वैद्यकीय तपासणी, मग चौकशी, हा नियम मी नव्या शिपायांना शिकवत आलो होतो. शिवाय मधल्या वेळेत पत्रकारांच्या ग्रुपवर मी स्वतःच्या हाताने टाकले: 'ड्रोन प्रकरणी संशयित ताब्यात, ड्रोन जप्त.'

संध्याकाळी त्याचे वडील आले. आयुष्यभर यंत्रमागावर उभे राहिलेला माणूस. मुलाशी हळू आवाजात घरच्या भाषेत, तेलुगूत बोलले, मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "साहेब, पोराचं काम हातावर आहे. त्याचा हात आधी बघायचा होता, मग काय विचारायचं ते विचारायचं होतं." आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला सोपे गेले असते.

गुरुवारी मी पंचनाम्यासाठी सर्वांत जास्त 'होय' आलेल्या वस्तीवर गेलो. वेळ मुद्दाम संध्याकाळची ठेवली होती. बांधावर एक म्हातारा मेंढपाळ बसला होता, मेंढ्या शेजारच्या रिकाम्या रानात. मी पश्चिमेकडे बघत उभा राहिलो तसा तो म्हणाला, "थांबा साहेब. आत्ता यील तुमचा ड्रोन."

दिवस मावळला. उसाच्या शेंड्यांवर एक ठळक पांढरा दिवा दिसू लागला. मागे वस्तीवरून ओरडा झाला, "आला, आला!"

"काय आहे ते, मामा?"

"शुक्राची चांदणी. सध्या रोज तितंच असती. सरकत सरकत त्या टेकाडामागं बुडती. ह्या पोरांनी कवा मान वर केली असती तर कळलं असतं. त्यांचं ध्यान समदं मोबाइलात."

"मग आमच्या माणसाला का नाही सांगितलं?"

म्हाताऱ्याने माझ्याकडे जरा नवलाने पाहिले. "सांगितलं की! हवालदार म्हणले, ड्रोन बघितला का? म्या म्हणलं, न्हाय, चांदणी बघितली. ते म्हणले, चांदणीचा रकाना न्हाय. आन् अंगठा घिऊन गेले."

ठाण्यात परत येऊन तक्ता काढला. म्हाताऱ्याचे नाव होते. पुढे 'नाही', आणि अंगठा. संपूर्ण यादीत ज्याने ती वस्तू नीट पाहिली होती तो एकच माणूस, आणि माझ्या कागदावर त्याने काहीच पाहिले नव्हते. मी हवालदारांवर चिडलो. ते शांतपणे म्हणाले, "साहेब, तुमीच सांगितलं होतं, तक्त्याबाहेर काही लिहू नका." खरे होते.

पुढचे तीन दिवस मी संध्याकाळी त्याच बांधावर उभा राहिलो. जमिनीत एक काठी रोवली, तिच्या टोकाशी दिवा कधी येतो आणि टेकडीमागे कधी जातो ते लिहिले. वेळ रोज जवळपास तीच. मग सगळे 'होय' पुन्हा चाळले. बहुतेकांची दिशा पश्चिम, वेळ दिवस मावळल्यानंतरची, आवाज नाही. काहींचे लाल-हिरवे दिवे सरळ रेषेत गेले होते, ती विमाने असावीत. दोन जबाब मात्र कशातच बसेनात. त्यांच्यापुढे मी 'उलगडा झाला नाही' असे लिहिले. सगळेच चांदणीच्या नावावर खपवले असते तर मीही पुन्हा तेच केले असते.

कोर्टाकडून घेतलेल्या कोठडीतून फोटोग्राफरला शनिवारी मुक्त केले. दुकानातल्या कामाच्या नोंदी आणि रेल्वेचे तिकीट तपासले, त्याचे म्हणणे अक्षर न् अक्षर खरे निघाले. हे तपासायला अर्धा दिवस पुरला. घरफोड्या करणारे पुढे दोन महिन्यांनी सापडले. भंगार घ्यायच्या निमित्ताने ते भर दिवसा दारात येऊन घरे बघून जात. आकाशात जायची त्यांना गरज पडली नव्हती.

मारहाणीचा गुन्हा आम्ही अनोळखी जमावावर नोंदवला. तपासाला मी स्वतः गेलो, या वेळी कोऱ्या कागदावर जबाब घ्यायला. कोणी पाणी आणायला गेले होते, कोणी मांडवाच्या मागे होते. मैलांवरचा दिवा पाहणाऱ्या पन्नास जणांपैकी एकालाही हातभर अंतरावरचा दांडका दिसला नव्हता.

लोक खोटे बोलतात म्हणून तपास चुकतो, असे मी बरीच वर्षे मानत होतो. आकाशातल्या दिव्यांबाबत कोणीही खोटे बोलले नव्हते. दिवा खरा होता, भीती खरी होती. दिव्याला ड्रोन हे नाव मात्र छापील कागदावर मी दिले आणि त्याच नावाचा पुरावा मी त्यांच्याकडून परत घेतला. यानाच्या गोष्टीवर हसणे सोपे होते, कारण ती दुसऱ्याची होती. शंका घ्यायची होती ती स्वतःच्या पहिल्या प्रश्नावर.

फोटोग्राफरच्या उजव्या अंगठ्याचे हाड नीट जुळले नाही. सुटल्यावर गाठलेल्या सोलापूरच्या डॉक्टरांनी विचारले, एवढा उशीर का केला? हे त्याने मला सांगितले, तक्रार म्हणून नाही, मी नुसते विचारले तेव्हा. कॅमेरा त्याला फार वेळ धरता येत नाही. आता दुकानात बसून दुसऱ्यांनी टिपलेल्या लग्नांचे व्हिडिओ संगणकावर जुळवतो. जप्त ड्रोन कोर्टाच्या आदेशाने परत द्यायला मी गेलो तेव्हा त्याने तो खोक्यातून काढलाही नाही.

"तुमचं काही राहिलं असेल तर सांगा," मी म्हणालो. पहिल्या दिवशी त्याला 'तू' म्हटले होते, हे तेव्हा लक्षात आले.

"एकच, साहेब. मला सोडल्याची बातमी पेपरात दोन ओळींची आली. त्या गावात कुणी वाचली नाही. परवा टेंभुर्णीचं एक लग्न ठरलेलं मोडलं, म्हणजे माझं काम मोडलं. मुलीचं आजोळ त्या गावचं. म्हणाले, तो ड्रोनवाला चोर नको. तुम्ही ग्रामसभेला या. मी पण येतो. माझ्यासमोर, त्यांच्यासमोर सांगा, की मी नव्हतो आणि चूक तुमची होती."

"येतो," मी म्हणालो, आणि तिथेच वहीत लिहून घेतले.

पहिल्या सभेला बंदोबस्त आडवा आला. दुसऱ्या सभेआधी माझी बदली झाली. नंतर निवृत्ती. मग मनाला सांगू लागलो, की आता अंगावर वर्दी नाही, आपले कोण ऐकणार? वर्दी असताना ऐकले असते, तेव्हा मी गेलो नाही, हे वहीत लिहायचे मी टाळले.

गेल्या महिन्यात त्याचा फोन आला होता. तब्येत विचारली, बाकी काही नाही. सभेचा विषय त्याने काढला नाही, मीही काढला नाही. सरपंचांचा नंबर माझ्याकडे आहे. पुढची ग्रामसभा कधी, एवढेच विचारायचे आहे. अजून विचारलेले नाही.