चुरून झालेल्या धानाची चुरणी

नणंदेचा फोन आला तेव्हा मी अंगणात उन्हाला बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. पुण्याहून ती फोन करते तेव्हा सुरुवात नेहमी पुण्याची असते, "वहिनी, कशी आहेस? तब्येत बरी ना?" वगैरे. मग काही काम असलं की हळूहळू भंडाऱ्यावर उतरते. त्या दिवशी पहिल्याच वाक्याला उतरली.

"वैनी, माही इज्जत आता तुह्या हातात हाय."

मी म्हटलं, अरे बाप्पा, आता काय करून बसली ही!

करून बसली होती ते असं. गेल्या हिवाळ्यात तिच्या सोसायटीतल्या बाया पुण्याजवळच्या कुठल्यातरी कृषी पर्यटनाला गेल्या. हुरडा खाल्ला, बैलगाडीत बसल्या, फेटे बांधून फोटो काढले. सगळ्या खूश. हिला मात्र ते काही पाहवलं नाही. परत येताना बसमध्ये सगळ्यांसमोर म्हणाली, "हे सगळं नाटक आहे गं. खरं पाहायचं असेल तर माझ्या माहेरी चला. आमच्याकडे अजून बैलांनी धान चुरतात, म्हणजे मळणी करतात." बोलून मोकळी झाली. त्या बायांनी ते बरोबर लक्षात ठेवलं आणि यंदा नाताळच्या सुट्टीची तिकिटं काढली.

आता आमच्याकडची हकीकत ऐका. बैल आम्ही सासरे गेले त्याच वर्षी विकले. दिवाळी झाली की थ्रेशर येतं, सकाळी धडधडायला लागतं आणि संध्याकाळपर्यंत सगळा निकाल लागलेला असतो. यंदाचं धान विकून झालं होतं, घरखर्चाचं गिरणीतून तांदूळ होऊन आलं होतं. खळ्यावर म्हणाल तर तणसाचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा ढीग, आणि त्याला टेकून आमच्या ह्यांची मोटारसायकल. हे सगळं मी तिला फोनवर सांगितलं.

तिकडून ती बारीक आवाजात म्हणाली, "आई-बाबा होते तवा सगळं होतं नं वं. आता काय सांगू त्यायले, का माह्या माहेरात काई उरलं नाई म्हणून?"

मला असा राग आला! म्हणजे आम्ही दोघं इथं जिवंत बसलो आहोत ते काहीच नाही? सासूबाई गेल्यापासून ही बाई उभ्या उभ्या येते, चहा पिते आणि परतीची गाडी पाहते. ओटी भरून घ्यायलाही थांबत नाही. मी लग्न होऊन या घरात आली तेव्हा ती शाळेत जायची. तिच्या वेण्या मी घातल्या आहेत, ती लाथा झाडत असताना घातल्या आहेत. राग आला आणि त्याच्या मागोमाग रडूही आलं. रडू गिळून मी म्हटलं, "येऊ दे त्यायले. दाखवते चुरणी. नाई दाखवली तं माह्यं नाव बदलून टाकजो."

आमचे हे तेव्हा जेवत होते. घास हातातच राहिला. "चुरलेलं धान आता पुन्हा चुराचं कसं?"

"चहापत्ती दुसऱ्यांदा उकळत नाई का आपण?"

"तवा चहा पानचट होते."

"होऊ द्या. पुण्याच्या बायांले काय समजते!"

बेत साधा होता. तणीस खळ्यावर पसरायची, त्यात थोडं धान कालवायचं आणि वरून बैल फिरवायचे. तणीस आमच्याकडे होतीच. बैल मात्र आणायचे कुठून? गावात आता जोडी उरली आहे ती एकच, शेजारच्या मामाजींची, आणि ती पटाची. म्हणजे शंकरपटाच्या शर्यतीत पळणारी. या बैलांनी जन्मात नांगर पाहिलेला नाही. त्यांना खुराकात दूध, अंडी, बदाम. थंडीत अंगावर ब्लँकेट. मामींना चहाला दूध कमी पडतं, बैलांना पडत नाही.

मामाजी ऐकूनच भडकले. "पैलवानाले जात्यावर बसवून राहिली का वं तू?"

"मामाजी, गावच्या लेकीच्या इज्जतीचा सवाल हाय."

गावची लेक म्हटल्यावर माणूस विरघळला. थोडा वेळ मिशी ओढली आणि एकच अट घातली. "खळ्यावर कोनी शिट्टी वाजवली नाई पायजे. शिट्टी वाजली का त्यायले वाटते पट सुटला."

मी म्हटलं, सोसायटीच्या चांगल्या घरच्या बाया आहेत, शिट्ट्या काहून वाजवतील?

राहिलं धान. ते काम मी ह्यांच्यावर सोपवलं. गावात कोणाकडून तरी थोडं मागून आणा म्हटलं, आणि कोठीतल्या बियाण्याच्या पोत्याला हात लावाल तर याद राखा. त्या बियाण्यावर दरवर्षी कोणी ना कोणी डोळा ठेवतं, म्हणून मी ते आधीच ओरडून ठेवते. हे "हौ, हौ" म्हणाले. हे दोनदा हौ म्हणाले की मला सावध व्हायला पाहिजे होतं. पण तेव्हा माझं अर्धं डोकं अंथरूण-पांघरुणात अडकलं होतं.

पाहुण्यांची गाडी धुक्यातून आली. भंडाऱ्याजवळ शहापूरला चहा घेऊनही बाया कुडकुडत होत्या. त्यांच्यात एक पुढारी होती. धुक्यातही डोळ्यावर गॉगल. मी तिला मनातल्या मनात गॉगलवाली म्हणायला लागली. पाय धुवायच्या आधी तिने विचारलं, "हुरडा कधी आहे?"

अवं बाई, हुरडा ज्वारीचा असतो! आमच्याकडे जिकडे पाहाल तिकडे धानाच्या बांध्या, भाताची खाचरं. नणंदेचं तोंड एवढंसं झालं. मी घाईघाईने शेताच्या धुऱ्यावरच्या तुरीच्या उकडलेल्या शेंगा आणि तलावातले शिंगाडे परातभर आणून ठेवले. "हा आमच्या इकडचा हुरडा," म्हटलं. बाया तुटून पडल्या. शिंगाडे सोलून सगळ्यांची बोटं काळी झाली, आणि त्या काळ्या बोटांचेही त्यांनी फोटो काढले. नणंद मात्र खात नव्हती. शाळेचा निकाल लागायचा असल्यासारखी एकेकीच्या तोंडाकडे पाहत होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे तलावावर पक्षी. हेही तिनेच कबूल केलेलं, विदेशी पक्षी येतात म्हणून. येतात, खोटं नाही. पण त्या दिवशी धुकं असं भल्लं होतं की पक्षी राहू द्या, तलावच दिसत नव्हता. आम्ही तलावाच्या पाळीवर ओळीने उभ्या. गॉगलवालीने समोरच्या पांढऱ्या रंगाचा भरपूर व्हिडिओ काढला आणि म्हणाली, "काय शांतता आहे!" तेव्हा सगळ्या एकदम बोलत होत्या. तेवढ्यात धुक्यातून काहीतरी काळं, मोठं बाहेर आलं. एकजण किंचाळली, "नीलगाय!"

ती आमच्या गल्लीतली म्हैस होती. मी तोंड उघडणार, तर नणंदेने माझ्या दंडाला असा चिमटा काढला! आणि पुण्याच्या गोड आवाजात म्हणाली, "हो, इकडच्या जरा काळ्या असतात." नीलगाय आमच्याकडे पाहून शेण टाकून निघून गेली.

चुरणीच्या वेळी मात्र ऊन छान पडलं. खळं मी शेणाने सारवून ठेवलं होतं. त्यावर ह्यांनी सकाळीच तणीस गोल पसरली होती. मामाजी बैल घेऊन आले. बैलांच्या अंगावर ब्लँकेटं तशीच. ती त्यांनी स्वतःच्या हाताने काढली, घडी केली, खांद्यावर टाकली. बायांनी मोबाईल सरसावले.

नणंदेने ओढणी कमरेला खोचली आणि कासरा हातात घेतला. "मीच हाकते. लहानपणी मीच हाकायचे." साफ खोटं. लहानपणी चुरणी सुरू झाली की ही तणसात झोपायची आणि मी तिला शोधत फिरायची. पण मी कशाला बोलते!

बैल फिरायला लागले. काय ते फिरणं! जमिनीवर कोणी पाणी सांडून ठेवल्यासारखा एकेक पाय उचलून ठेवत होते. पण फिरले. एक फेरा झाला, दुसरा झाला. नणंद मागून "चल राजा, चल" करत होती. तिच्या तोंडावर अशी खुशी मी कितीतरी वर्षांत पाहिली नव्हती. मला वाटलं, जमलं बाप्पा. जमलं!

आणि गॉगलवालीला आनंद मावेनासा झाला. तिने गॉगल डोक्यावर चढवला, दोन बोटं तोंडात घातली आणि अशी शिट्टी मारली की झाडावरचे कावळे उडाले.

बैल सुटले. नणंद दोन पावलं ओढली गेली, कासरा सुटला आणि ती तोंडावर तणसात. "माय वं, मेली मी! अरे थांबवा बे त्यायले! भाऊ, काय बह्याडासारखा पाहून राहिला!" सगळं पुणं एका दमात वाहून गेलं. बैल फाटकातून बाहेर पडले, रस्त्याने सरळ पळाले, पटाची दाण, म्हणजे पळायची वाट, असते तेवढं अंतर कापलं आणि आपोआप थांबून गुळाची वाट पाहत उभे राहिले. मामाजी अनवाणी त्यांच्यामागे धावत होते आणि धावता धावता ओरडत होते, "पाहा, पाहा! काय सुटले! पाहून घ्या!"

नणंद उठून बसली. तिच्या केसात, खांद्यावर, भुवयांवर सगळीकडे तांदूळ. पांढरेशुभ्र तांदूळ, मांडवात अक्षता पडल्यासारखे.

आता तणसातून निघतं ते धान. पिवळं, टरफलासकट. गिरणीतून आल्याशिवाय तांदूळ दिसतच नाही, हे आमच्याकडे रांगतं पोट्टंही सांगेल. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे आभाळाकडे पाहत होते. जवळ जाऊन दात दाबून विचारलं, तर म्हणतात, "तूच तं म्हणली बियाण्याले हात लावू नका. अन् चुरणी झाल्यावर धान मागाले गेलो असतो तं अख्खं गाव हासलं असतं. मंग बाजूचं पोतं घेतलं."

तोवर बायांनी पाहिलं होतं. "अय्या, तांदूळ! किती पांढरा!"

"म्हणजे गिरणी वगैरे काही लागतच नाही?" गॉगलवालीने मला विचारलं.

"नाई लागत," मी म्हटलं. तोंडातून निघूनच गेलं. "आमच्या इकडच्या धानाची जातच तशी हाय."

आणि त्यांना पटलं, बापा! सगळ्या खाली बसून ओढण्यांत तांदूळ वेचायला लागल्या. गॉगलवालीने मूठभर तांदूळ मोबाईलसमोर धरले आणि म्हणाली, "गेल्या वर्षीचं ते नाटक होतं. हे बघा, हे खरं! बैलांच्या पायाखालून थेट तांदूळ!"

झालं. नणंदेची इज्जत शाबूत, वर चार बोटं जास्तच. तिने आता फक्त तोंड बंद ठेवायचं होतं. मी तिला डोळे वटारले, चूप म्हणून. तिने ओठ दाबले. गाल फुगले. खांदे हलायला लागले. आणि मग फुटलीच. तणसात बसून पोट धरून हसली, हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि थोड्या वेळाने ते हसण्याचं आहे की कशाचं, मलाही कळेना.

"हेही नाटक आहे गं," ती त्यांना म्हणाली. "धान दिवाळीतच मशीनने चुरलं. बैल उसने, पटाचे. ती नीलगाय म्हैस होती. माझ्या माहेरी आता यातलं काहीच नाही. या दोघांनी माझ्यासाठी केलं सगळं. आणि या माझ्या येड्या भावाने तणसात तांदूळ टाकले!"

मी मनात म्हटलं, गेली इज्जत. आणि आधी कोणाला बोलायचं याचा विचार करायला लागली, ह्यांना की शिट्टीवालीला.

गॉगलवाली हातातल्या तांदळाकडे पाहत होती. "मी माहेरी जाते ना," ती म्हणाली, "तेव्हा भाऊ आम्हाला हॉटेलात जेवायला नेतो. चांगलं असतं हॉटेल." मग तांदळाची मूठ मिटली. "माझ्यासाठी एवढं खोटं कोणी बोललं नाही गं कधी."

तेवढ्यात मामाजी बैल घेऊन फाटकातून आत आले, घामाघूम, छाती फुगलेली. "घड्याळ लावलं होतं का कोनी?" आणि सगळ्या एवढ्या हसल्या की बैल पुन्हा बिचकले.

जायच्या दिवशी पाहुण्या गाडीत बसल्या. नणंद मात्र आपण होऊन घरात परत आली आणि देवासमोरच्या पाटावर बसली. मी ओटीचं सूप आणलं. त्यात नारळ होता आणि खळ्यावरून झाडून आणलेले तेच तांदूळ होते, कितीही निवडले तरी तणसाच्या काड्या राहिलेले. तिने ओढणी पसरली. एक टोक हातातून सुटलं.

"नीट धर वं," मी म्हटलं. "तुह्या भावानं सांडले तेवढे पुरे झाले."