आमच्या बूथवरची तीन मतं

आमच्या गावात मत गुप्त असतं ते फक्त मोजणी होईपर्यंत. नंतर बूथवार आकडे मोबाईलवर येतात आणि लोक दूध डेअरीसमोर बसून कुणी दगा दिला ते शोधायला लागतात. उजनी धरणाच्या फुगवट्याकाठचं लहानसं गाव, बूथ एकच. शोधायला फार वेळ लागत नाही.

त्या उन्हाळ्यात माझ्या वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, गावाच्या वतीनं एका उमेदवाराला शब्द दिला होता. सगळी मतं एकगठ्ठा. मी नोकरीमुळं सोलापुरात राहतो, पण माझं आणि बायकोचं मत त्यांनी गावातून हलवू दिलेलं नाही. मतदानाच्या आदल्या दिवशी देवळात बेलभंडारा उचलायचं ठरलं. बेलाचं पान आणि चिमूटभर भंडारा हातात घेऊन शपथ घ्यायची, की मग माघार नाही. फुगवट्यावरच्या आमच्या सगळ्यांच्या पाण्याच्या मोटारी जळाल्या की त्यांचं वाइंडिंग करणाऱ्या चाचांनाही मुद्दाम बोलावणं गेलं. ते आले, डोक्याला रुमाल बांधला आणि भंडारा उचलला. मीही उचलला.

दुसऱ्या दिवशी मी विरोधातलं बटण दाबलं. त्या दुसऱ्या उमेदवाराचं मला काडीचं कौतुक नव्हतं. मला न विचारता माझं मत परस्पर देऊन टाकलं, याचा राग होता. चाळिशी उलटलेल्या माणसानं राग असा लपूनछपून काढावा याची आज लाज वाटते. तेव्हा मात्र शाळेबाहेरच्या टपरीवरचा चहा फार गोड लागला.

निकालाला आम्ही गावीच होतो. आकडे आले. आमच्या बूथवर विरोधात तीन मतं.

एक माझं. मग उरलेली दोन कुणाची? त्या दिवशी जेवताना मी आईकडं पाहिलं, बायकोकडं पाहिलं. आई नेहमीपेक्षा कमी बोलत होती, की मलाच तसं वाटत होतं? बायको भाकरी वाढताना माझ्याकडं जरा जास्तच बघत होती. वडील मान खाली घालून जेवत होते. हात धुताना म्हणाले, "तीन म्हंजी एकच घर हाय."

चाचांच्या घरात मतं तीनच. ते, चाची आणि त्यांची म्हातारी आई. हिशेब असा चपखल बसला की पुढं कुणाला विचार करायची गरजच उरली नाही. डेअरीसमोर एकजण म्हणाला, "भंडारा उचलला म्हणून काय झालं? त्येला आपल्या देवाचं काय?" चाचांना देवळात बोलवायला त्यांच्या घरी गेलेला माणूस हाच. मी तिथंच उभा होतो आणि गप्प बसलो.

पंधरा दिवसांत चाचांच्या दुकानात मोटार येईनाशी झाली. फुगवटा मागं हटलेला, विजेचा दाब कमी, रोज कुणाची तरी मोटार जळायची, आणि ती टेम्पोत घालून टेंभुर्णीच्या दुकानात जायची.

न राहवून एका रविवारी मी सोलापूरहून आलो आणि चाचांच्या दुकानात गेलो. "चाचा, त्या तिनातलं एक मत माझं हाय. मी आप्पांना सांगतो."

चाचांनी आधी दारातून रस्त्याकडं पाहिलं.

"हळू बोला. आमची तिन्ही मतं तुमच्या आप्पांनी सांगितलं तितंच गेली. अम्मीला तर मी हाताला धरून नेलं. पण तुमी खरं सांगितलं तर लोक काय म्हणतील? आप्पांचं पोरगं फुटलं न्हाय, चाचानं फोडलं. आज तीन मतांचा आळ हाय, मग तुमचं घर फोडल्याचा बी यील. तुमी सोलापूरला निघून जाताल. मला हितंच ऱ्हायचंय की."

मी "बरं" म्हटलं. खरं सांगतो, मला सुटल्यासारखं झालं. आणि घरी येताना मनात आलं, तिन्ही मतं खरंच तिथं गेली असतील का? हा संशय मला आला, शपथ मोडलेल्या मला.

पुढच्याच आठवड्यात मी गावी आलेलो असताना आमची मोटार जळाली. केळी माना टाकायला लागली होती. वडील म्हणाले, "टेंभुर्णीला न्या." चाचांचं नाव माझ्या ओठांवर आलं होतं, ते मी गिळलं आणि मोटार टेम्पोत चढवली.

रस्ता चाचांच्या दुकानावरूनच जातो. तिथल्या खड्ड्यात टेम्पो आदळला आणि मागं मोटार गडगडली. मी खाली उतरलो. दोरी सुटली होती आणि मला काही ती नीट आवळता येईना. चाचा रिकाम्या दुकानाच्या पायरीवर बसून बघत होते. थोड्या वेळानं उठून आले, माझ्या हातातली दोरी घेतली, मोटारीखाली गोणपाट सरकवलं आणि दोन वेढे देऊन घट्ट गाठ मारली.

"सैल ऱ्हायली तर शाफ्टाला मार बसतो," म्हणाले, आणि परत पायरीवर जाऊन बसले.

मी ड्रायव्हरशेजारी बसलो आणि टेंभुर्णीला चल म्हणालो.