भाताची मूठ

बायको गेल्यावर पोरगी म्हणाली, आईचं काय आठवतं ते लिहून ठेवा. माझी शाळा चौथीपर्यंत. रडू येत नाय, म्हणून बसून लिहायला जमतं.

ऐंशीच्या आसपास महाडच्या वसाहतीत एका केमिकलच्या कारखान्यात मी टेंपरवारी लागलो. आमच्या कापडे गावाहून एसटीने जायचो. शेतातलं भात वर्षभर पुरत नव्हतं, त्यामुळे ही नोकरी टिकायलाच हवी होती. पाळी बदलली की सुपरवायझर एका दमात सगळी कामं सांगायचा. हा वॉल्व उघड, तो बंद कर, पंप बघ, ड्रम धू, टाकीखाली झाडून घे. शेवटचं ऐकेपर्यंत पहिलं डोक्यातून गेलेलं असायचं. पंप एकदा चालूच राहिला. तो म्हणाला, पुन्हा चुकलास तर येऊ नकोस.

घरी लावणीचे दिवस. बायको चिखलात बसून रोप उपटत होती, मूठ मूठ बांधून बाजूला टाकत होती. मी झालं ते सांगितलं. तिने मान वर केली नाय.

“एकेक काडी घेऊन शेतभर फिरता काय तुमी?” म्हणाली. “मुठी बांधा.”

मग माझ्याकडून सगळी कामं वदवून घेतली आणि तिनेच वाटणी केली. वॉल्व आणि पंप ही पाण्याची एक मूठ, धुण्याची एक, झाडलोटीची एक. रोप काढता काढता मधेच विचारायची, पाण्याच्या मुठीत काय? चुकलो की म्हणायची, सुटली बगा.

पुढच्या पाळीला मी उभ्या उभ्या पुटपुटत होतो. सुपरवायझरने विचारलं, काय चाललंय रे?

“मूठ बांधतोय, साहेब.”

त्याचा चेहराच उतरला. तेव्हा मुंबईच्या संपाच्या गोष्टी इकडेपण पोचल्या होत्या.

“युनियन करतोस?”

“नाय साहेब. भाताची मूठ.”

त्याला काय ते उमगलं नाय. म्हणाला, मी काय सांगितलं ते बोलून दाखव. मी तिन्ही मुठी सोडून दाखवल्या. एकपण काम राहिलं नाय. मग तो म्हणाला, जा कामाला, आणि हा शब्द इथं परत काढू नको.

घरी येऊन सांगितलं तर ती बांधावर बसून हसली.

“तुमाला कोण लीडर करतंय,” म्हणाली.

नोकरी राहिली. पुढे पर्मनंट झालो. ती हसली होती, एवढं ठाऊक हाय. कशी हसायची, ते आता ऐकू येत नाय.