पंगत उठेपर्यंत

हनुमान जयंती दरवर्षी शुक्रवारीच येते, हे तुम्हाला माहीत आहे का? मस्कतला आमच्या देवळात येते. त्या देवळाच्या स्वयंपाकघरात मी काही वर्षं सेवेला होते. तिथले किस्से खरकट्या भांड्यांसारखे, घासावेत तेवढे नवे येऊन पडतात.

तर नवे भटजी आले होते. तिथी मंगळवारची असताना उत्सव शुक्रवारी, हे काही त्यांना पटेना. आमचा आचारी शांताराम मालवणकडचा. आठवडाभर मस्कतच्या कडेला माबेल्याच्या एका मेसमध्ये राबायचा आणि सुट्टीच्या दिवशी देवळात फुकट रांधायचा. तो म्हणाला, "भटजीनू, हयसर मारुतीकव शुक्रवाराचीच सुट्टी गावता."

*

नैवेद्याआधी चव बघायची नाही, हा नियम. एकदा आमटीत माझ्यासोबत सेवेला असणाऱ्या मंगलताईंनी मीठ घातलं आणि शांतारामनेही घातलं. पण प्रसादाला नावं कशी ठेवायची? सगळे मुकाट्याने जेवले. पाण्याचे कॅन मात्र पंगत अर्धी व्हायच्या आतच संपले. मंगलताई रडवेल्या झाल्या, तर हा म्हणतो, "देवान काय म्हटल्यान नाय, तुमी कित्याक रडतास?"

*

नारळ किनाऱ्यावरच्या सहम गावाहून हमीदभाई आणायचे. ते रत्नागिरीचे, पिकअप चालवायचे. रमजानात ते आले की शांताराम घाईघाईने शिऱ्यावर झाकण घालायचा. एकदा हमीदभाई हसून म्हणाले, "शांतारामा, वास झाकता येतो होय रे?" त्या दिवसापासून रोजा सोडायच्या वेळेसाठी त्यांचा डबा वेगळा भरला जाऊ लागला.

*

आणि हा एक शुक्रवार. शांतारामची आई गावी अंथरुणाला खिळलेली, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. भात उतरवायच्या वेळी त्याचा मोबाईल वाजला. त्याने नाव बघितलं आणि तो पालथा ठेवला. पुन्हा वाजला, पुन्हा. बाहेर पहिली पंगत बसली होती. बातमी कानावर पडली की सुतक, मग हातातला झारा ठेवून देवळाबाहेर व्हायचं.

मी म्हटलं, "शांताराम, घरचा फोन आहे."

"म्हायत आसा, वैनी. आधी पंगत उठांदेत."

तीन पंगती त्याने वाढून काढल्या. कोशिंबीर संपली तेव्हा आम्हालाच ओरडला, "यल्ला, बेगीन काकडी चिरा." शेवटची पंगत उठल्यावर टोप घासून उपडे घातले, चपला घातल्या आणि फाटकाबाहेर जाऊन फोन लावला. बोलला थोडंच. भावाला म्हणाला, माझ्यासाठी थांबू नका. मग फुटपाथवर बसला.

मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले. खांद्यावर हात ठेवणार, तो मागे सरकला.

"शिवू नकात, वैनी. आता सुतक लागला."

तरी मी हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंगलताई आणि मी पिठलं-भात करून माबेल्याला त्याच्या खोलीवर घेऊन गेलो.