अल्पाकांचं फाटक

नव्वदच्या दशकात आमच्या नेपरव्हिल शहरापासून तासाभरावर एक बाई शहरातली नोकरी सोडून अल्पाका पाळायची. अल्पाका म्हणजे उंटाच्या कुळातला, दाट लोकरीचा प्राणी. एकदा ते बघायला गेलो असताना फोटोच्या नादात मी फाटक उघडं टाकलं आणि दोन अल्पाका हमरस्त्याकडे निघाले. घाबरून मी त्यांच्यामागे कडी लावली आणि तिला म्हणालो, "वाऱ्यानं उघडलं."

ती मागे धावली नाही. "धावणं शहरातच सोडून आले," म्हणत बादलीतले दाणे खुळखुळवत बसली. दोघे अल्पाका त्यांच्या सवयीनं गुणगुणत परतले, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

फाटक उघडताना ती म्हणाली, "वारा शिस्तीचा दिसतो. जाताना कडी लावून गेला."

घरी येऊन मी बायकोलाही वाराच सांगितला. आज ऐंशीव्या वर्षी लिहितो: फाटक मी उघडं टाकलं होतं. तिनं तेव्हाच हसून सोडून दिलं. मला आत्ता सुटल्यासारखं वाटतंय.